डभोईची गाडी आणि तिचे बैल: मे महिन्यातल्या एका केकचं प्रकरण

माझ्या भाच्याला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाच वर्षं पूर्ण होणार होती आणि त्याला आगगाडीचा केक हवा होता. बेकरीतला नको, "आत्या, तू कर" हे त्याचं ठरलेलं होतं. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात. माझं स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर, दादा-वहिनी आणि आई-बाबा पहिल्यावर, मध्ये लाकडी उभा जिना. तो जिना मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

घरी केक मी बरीच वर्षं करते. गोल, चौकोनी, वरून थोडी नक्षी, एवढंच. आकाराचा केक, म्हणजे कापून, रचून, उभा करून एखादी वस्तू घडवायची, हे पहिल्यांदाच करत होते. हे सगळं इतक्या तपशिलात लिहून ठेवते आहे कारण शोधताना मला जे सापडलं ते सगळं थंड हवेतल्या, एसी असलेल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा चाळीशीला टेकतो. त्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या ओट्याशेजारी थर्मामीटर ३६ दाखवत होता.

गाडीच का, तर बाबांमुळे. ते नातवाला कमाटी बागेत छोट्या गाडीत बसवून आणतात, प्रतापनगरला नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची, जुनी इंजिनं दाखवायला नेतात, आणि डभोईची गोष्ट तर त्यांनी त्याला निदान पन्नासदा सांगितली असेल. बडोद्याजवळचा डभोई ते मियागाम हा लोहमार्ग १८६२ साली बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत झाला. हिंदुस्थानातला तो पहिला नॅरोगेज मार्ग, रुळांमधलं अंतर अडीच फूट. आणि सुरुवातीला ती गाडी इंजिन नव्हे, बैल ओढत. नियमित इंजिनं आली ती १८७३ मध्ये, रूळ मजबूत केल्यावर. रुळावरच्या डब्यांना बैल जुंपलेले, हे चित्र पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून जाणं शक्यच नव्हतं.

आधी कागद

मी मोबाइलवर एक चित्र काढून ठेवलं होतं. लालभडक इंजिन, सोनेरी कडा, खिडक्यांना पडदे. त्याला दाखवलं तर त्यानं दोन सेकंद पाहिलं आणि खेळायला निघून गेला. वहिनी म्हणाली, "ताई, त्यालाच काढू द्या ना." तिचं ऐकलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय तोच.

त्यानं काढलेल्या गाडीला एका बाजूला सहा चाकं होती आणि प्रत्येक चाक डब्याएवढं मोठं. धूर कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेलेला. पुढे दोन बैल, त्यांची शिंगं इंजिनाच्या धुराड्याहून उंच. खिडक्या नव्हत्या, दारं नव्हती, नंबर नव्हता, रंगाचा आग्रह नव्हता. इंजिन काळ्या खडूनं गिरवलेलं. मी विचारलं, "इंजिन असताना बैल कशाला रे सोन्या?" तो म्हणाला, "इंजिन दमलं की बैल ओढतात."

मी ज्या गोष्टींवर दोन रात्री घालवणार होते त्या खिडक्या, पडदे, सोनेरी कडा त्याच्या गाडीत नव्हत्याच. त्याची गाडी म्हणजे चाकं, धूर आणि बैल. मग ठरवलं की वेळ आणि हात याच तीन गोष्टींवर खर्च करायचे, बाकी सगळं साधं ठेवायचं. काळ्या इंजिनाचा आणखी एक फायदा झाला. पांढऱ्या क्रीमला गडद लाल करायला भरपूर रंग ओतावा लागतो, चव कडवट होते, मुलांच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत लाल राहतात. आपल्याकडे मोजकेच कृत्रिम रंग खाण्यात चालतात आणि तयार पदार्थाच्या एका किलोत त्यांची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. घरी हातानं थेंब टाकताना ते कोण मोजणार? डार्क चॉकलेट मुळातच काळपट असतं. इंजिनाचा रंग फुकट मिळाला.

अडचणी, ज्या आधीच दिसत होत्या

पहिली, अंडं नको. पंचवीस माणसांपैकी निम्मी शेजारची गुजराती कुटुंबं, त्यांत दोन घरं जैन. समोरच्या बेननी आमंत्रण घेतानाच विचारलं, "केक ईंडा वगरनी छे ने?" मी हो म्हटलं, पण एवढ्यावर भागत नाही. बाजारातल्या कित्येक मार्शमेलोत आणि काही तयार सजावटीत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. म्हणून हिरव्या ठिपक्याशिवाय काहीही आणलं नाही, आणि प्रत्येक पाकिटाचं वेष्टण जपून एका ताटलीत ठेवलं. कुणी विचारलं तर तोंडी ग्वाही देण्यापेक्षा वेष्टण दाखवणं बरं. वाढदिवसाच्या दिवशी त्या बेननी ती ताटली खरंच चाळून पाहिली, आणि मग त्यांच्या मुलानं निर्धास्तपणे खाल्लं. कुणाला काजू-बदाम बाधतात का, हेही मी घरोघर विचारून घेतलं होतं.

दुसरी, फ्रिज एका दाराचा. पूर्ण गाडी एका फळीवर रचली तर ती फ्रिजमध्ये मावणार नाही, आणि फ्रिजशिवाय मे महिन्यात काही टिकणार नाही. यातून गाडीची रचना आपोआप ठरली. इंजिन आणि चार डबे, प्रत्येकाची वेगळी पुठ्ठ्याची पाटी, त्यावर फॉइल. पाच सुटे तुकडे फ्रिजच्या दोन कप्प्यांत बसतात आणि जोडणी ऐनवेळी टेबलावर होते. दादा म्हणाला, पाच वर्षं, पाच वाहनं, प्रत्येकावर एक मेणबत्ती. ते मला आवडलं.

तिसरी अडचण उकाड्याची. ती नीट कळायला मला एक केक वाया घालवावा लागला.

आठ दिवस आधीची तालीम

आकाराचा केक करायचा असेल तर तालीम करायलाच हवी, असं मी आता कुणालाही सांगेन. पूर्ण गाडी नाही, नुसतं इंजिन.

स्पंजसाठी माझी नेहमीची कृती होती. मैदा दीड कप, साखर एक कप, ताजं दही एक कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. चॉकलेटच्या घाण्यात मैद्यातले तीन मोठे चमचे काढून तेवढा कोको. अंड्याचं काम इथे दही आणि सोडा करतात. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि त्यांनी केक फुगतो. पण ते बुडबुडे मिसळल्या क्षणापासून सुटायला लागतात, ओव्हनची वाट पाहत नाहीत. मी वेळ वाचवायला दोन घाणे एकदम कालवले. माझ्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच वीस सेंटिमीटरचा चौकोनी साचा मावतो. दुसरा घाणा चाळीस मिनिटं ओट्यावर थांबला आणि बसका, चिवट झाला. पुढे प्रत्येक घाण्याच्या कोरड्या आणि ओल्या वस्तू वेगळ्या मोजून ठेवल्या, आणि आधीचा साचा बाहेर आल्यावरच पुढचा कालवला.

इंजिनाचा गोल बॉयलर कसा करायचा? तयार जॅम रोल आडवा ठेवला की झालं, असं सगळे सांगतात. पण बेकरीतल्या रोलमध्ये बहुधा अंडं असतं. मी स्टीलचा उभा डबा वापरला, बाजू सरळ असलेला, सात सेंटिमीटर रुंद. आतून तूप, तळाला आणि बाजूंना कागद, आणि पीठ निम्म्याहून किंचित जास्त. चौकोनी साचा १७५ अंशांवर पस्तीस मिनिटांत झाला. डबा खोल असल्यामुळे तो १६० वर पन्नास मिनिटं ठेवावा लागला, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पेल्यात करू नका, पेला खाली निमुळता असतो आणि बॉयलर गाजरासारखा दिसतो.

सजावटीला मी व्हिप्ड क्रीम घेतलं होतं. वनस्पती तुपाच्या जातीचं, पिशवीत गोठवलेलं मिळतं ते. भांडं बर्फावर ठेवून फेटलं, चांगलं फुगलं. इंजिनाला लावलं, गुळगुळीत केलं, फोटो काढला. पंचवीस मिनिटांनी बॉयलरवरचं क्रीम दोन्ही बाजूंनी खाली ओघळलं होतं आणि वरचा स्पंज उघडा पडला होता. सपाट केकवर हेच क्रीम तासभर टिकतं, कारण तिथे त्याला घसरायला जागा नसते. गोल पाठीवर ते टिकत नाही. लोण्याचं क्रीम करून पाहायचा विचार मी सोडून दिला. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांत वितळतं, आणि माझं स्वयंपाकघरच ३६ वर होतं.

आठ दिवस आधी हे घडलं म्हणून मला रडू आलं नाही. वाढदिवसाच्या संध्याकाळी घडलं असतं तर आलं असतं.

गनाश

पर्याय म्हणून गनाश केलं, म्हणजे गरम सायीत वितळवलेलं चॉकलेट. यात दोन गोष्टी कळल्यावर काम सोपं झालं.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. कंपाउंड चॉकलेटमध्ये त्याऐवजी दुसरं वनस्पतीजन्य स्निग्ध असतं, ते जास्त उष्णता सोसतं. चवीला खरं चॉकलेट श्रेष्ठ, यात वाद नाही. पण मे महिन्यातल्या बडोद्यात, एसी नसलेल्या खोलीत, मुलांसाठी उभं राहायचं असेल तर मी कंपाउंडच घेईन.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पुस्तकी प्रमाण दोनास एक, म्हणजे दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. पण आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश पंचवीस टक्के असतो, बाकी बहुतेक पाणी. त्या क्रीमनं दोनास एक गनाश उन्हाळ्यात चिखलासारखं राहतं. मी तीनास एक केलं: ६०० ग्रॅम डार्क कंपाउंड, २०० ग्रॅम क्रीम. क्रीम उकळायचं नाही, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत तापवायचं, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग मधून कडेकडे ढवळायचं. निवलं की ते पुरणासारखं घट्ट होतं आणि सुरीनं लिंपता येतं.

डब्यांसाठी पांढरं गनाश लागणार होतं. पांढरं कंपाउंड मुळात मऊ, म्हणून तिथे चारास एक. इथे आणखी एक चूक झाली. रंग मिसळायचा म्हणून वितळलेल्या नुसत्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये पिवळ्या जेल रंगाचे दोन थेंब टाकले आणि त्याचा क्षणात खडबडीत गोळा झाला. नुसत्या चॉकलेटला पाण्याचा थेंब सोसत नाही. पातेलं फेकणार होते, पण गरम क्रीम थोडं थोडं घालत ढवळलं तर ते परत गुळगुळीत झालं, कारण क्रीमसह ते मुळातच पाण्यातलं मिश्रण असतं, तिथे थेंबभर पाण्यानं बिघडत नाही. तेव्हा जेल रंग गनाश झाल्यावर घालावा. नुसतं चॉकलेट रंगवायचं असेल तर तेलातला रंग वेगळा मिळतो.

बैल

बैलांसाठी फाँडंट आणायचं ठरलं होतं, म्हणजे साखरेची मळलेली, आकार देता येणारी कणीक. तालमीत थोडं वापरून पाहिलं. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत त्याला घाम सुटला. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, आणि गार पृष्ठभागावर बाहेरची वाफ साचते ती वेगळीच. शिवाय मुलं ते चाखतात आणि ताटलीच्या कडेला काढून ठेवतात.

आई बाजूला बसून हे बघत होती. म्हणाली, "काजूच्या वडीचं कर की. मऊ असतं तोवर वळता येतं."

आईच्या या एका वाक्यानं केक बदलला. काजू-साखरेचा गोळा आकार घेतो, हवेवर कोरडा होतो, आणि मुलं तो आवडीनं खातात. २५० ग्रॅम काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले, एकसलग फिरवले तर तेल सुटतं. चाळून घेतले. १२५ ग्रॅम साखर भिजेल एवढंच पाणी घालून एकतारी पाक, त्यात पूड, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, कढईच्या कडा सुटेपर्यंत, वर चमचाभर तूप. बोटांत छोटी गोळी करून पाहायची. चिकटली नाही तर झालं. कोमट असताना मळायचं, कोरडं वाटलं तर दुधाचा एक थेंब.

आई दर श्रावणी अमावास्येला पोळ्यासाठी मातीचे बैल करते. बडोद्यात मातीचे बैल विकत मिळायची वाट कोण बघणार, म्हणून आजीपासून आमच्याकडे हातानंच होतात. तिनं काजूचा गोळा घेतला आणि तीच बोटं तशीच चालायला लागली. मी पाय बारीक केले होते, ते धडाच्या वजनानं वाकले. मी म्हटलं, बसलेले बैल करूया. भाचा लगेच म्हणाला, "बसलेला बैल गाडी कशी ओढेल?" बरोबर होतं त्याचं. आईनं मातीच्या बैलासारखेच केले. पुढचे दोन पाय मिळून एक जाड खुंट, मागचे दोन मिळून दुसरा, आणि मधे सुरीनं नुसती रेघ. लांबून चार पाय दिसतात, आणि उभे राहतात.

शिंगांवर बाबांनी लक्ष घातलं. ते म्हणाले, "आपल्याकडचा बैल कांकरेज. शिंगं मोठी, वीणेसारखी वळलेली हवीत." ती काजूची केली तर तुटत होती, म्हणून बदामाचे लांब काप पाण्यात भिजवून, वाकवून, वाळवून घेतले. डोळे काळ्या तिळाचे. वशिंड आईनं चिमटीनं वर ओढलं. जू म्हणून दालचिनीची काडी, दोर म्हणून आंबापोळीची बारीक पट्टी. कांकरेजचा रंग राखाडी पांढरा असतो आणि काजूचा रंग जवळपास तोच. रात्रभर चाळणीखाली, फ्रिजबाहेर, वाळत ठेवले. सकाळी टणक झाले होते.

उरलेल्या गोळ्यात कोको घालून चाकं केली, इंजिनाची मोठी चाकं छोट्या वाटीनं कापली. डब्यांना चॉकलेट क्रीमची बिस्किटं लावली, पण ती त्याच दिवशी संध्याकाळी. ओल्या केकला बिस्किट आदल्या रात्री चिकटवलं तर सकाळी मऊ पडून गळतं. आणि चाकांवर वजन कधीच टाकायचं नाही. इंजिन आणि डबे खाली स्पंजच्याच अरुंद पट्टीवर उभे आहेत. तालमीतला बसका घाणा फ्रीझरमध्ये जपला होता, तो या पट्ट्यांना उत्तम लागला, दाट असल्यामुळे वरचं वजन पेलतो. चाकं पुढून नुसती टेकवलेली.

रचना आणि डब्यांतला माल

आदल्या दिवशी सकाळी तीन घाणे केले, एक चॉकलेटचा, दोन व्हॅनिलाचे. निवल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गरम किंवा ताजा स्पंज कापला तर चुरा होतो, गार स्पंज पनीरसारखा कापला जातो. पहाटे उठून, दातेरी सुरीनं, उन्हं चढायच्या आत सगळं कापलं. इंजिनाचा पाया वीस सेंटिमीटर लांब आणि सात रुंद. बॉयलरच्या तळाशी पट्टी तासली म्हणजे तो लोळत नाही. मागे चालकाची खोली, दोन चौकोन एकावर एक. गनाशचा पहिला पातळ हात चुरा धरून ठेवायला, वीस मिनिटं फ्रिज, मग दुसरा हात. धुराडं म्हणजे आइस्क्रीमचा कोन उलटा, वरून टोक कापलेलं.

रूळ आंबापोळीचे, त्यांच्याखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, चॉकलेट वेफरचे. मे महिन्यात घरात आंबापोळी असतेच, आणि तिचा रंग गंजलेल्या लोखंडासारखा दिसतो.

मालाबद्दल थोडक्यात. पहिल्या डब्यात कोळसा म्हणजे काळ्या मनुका. दुसऱ्यात रंगीत चॉकलेट गोळ्या. तिसऱ्यात कागदी वाटीत केशर आंब्याच्या फोडी, वाटी अशासाठी की रस केकमध्ये उतरू नये. शेवटच्या, गार्डच्या डब्यात लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा. बडोद्याची गाडी आणि लीलो चेवडो नाही, हे बाबांना पटेना. त्यात बटाटा असतो, जैन मुलांना चालत नाही, म्हणून तो डबा सगळ्यात मागे आणि त्यालाही वेगळी कागदी वाटी.

धूर

भाच्याच्या चित्रात धूर सगळ्यात मोठा होता, आणि मला तोच जमत नव्हता. पॉपकॉर्नचा धूर छान दिसतो, पण पाहुण्यांत दोन वर्षांची दोन मुलं होती आणि इतक्या लहानांच्या घशात पॉपकॉर्न अडकू शकतो. टूथपिकनं काहीही टोचायचं नाही हेही मी ठरवलं होतं. आत आधार म्हणून सगळीकडे कागदी स्ट्रॉ वापरल्या.

शेवटी म्हातारीचे केस आणले. पांढरे, बिनरंगाचे. गुलाबी घेतले नाहीत, कारण त्यांत रोडामाइन-बी सापडतो. तो कापड रंगवायचा रंग, खाण्यात चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूनं याच कारणानं म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली होती. पांढरे केस हवाबंद पिशवीत ठेवले आणि पिशवी शेवटच्या क्षणापर्यंत उघडली नाही.

त्या संध्याकाळी

साडेसहाला औक्षण. आईचा आग्रह की केक औक्षणानंतरच बाहेर यावा, आणि तो माझ्या पथ्यावरच पडला. औक्षण, आशीर्वाद, फोटो यांत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. केक आधीपासून टेबलावर असता तर ती सगळी मिनिटं उकाड्यात गेली असती. फुंकर मारून दिवा विझवायचा नाही, असंही आईचं असतं, म्हणून निरांजन देवापुढे नेऊन ठेवलं आणि मेणबत्त्या वेगळ्या.

दादानं इंजिनाची पाटी उचलली आणि जिना उतरायला लागला. तिसऱ्या पायरीवर पाटी पुढे कलली आणि बॉयलर बोटभर पुढे सरकला. चालकाच्या खोलीजवळ गनाशला भेग पडली. दादाचा दोष नाही. मी बॉयलरमध्ये मधोमध एकच स्ट्रॉ रोवली होती. एका खुंटीभोवती वस्तू फिरू शकते आणि कलली की सरकतेही. दोन स्ट्रॉ हव्या होत्या, पुढे एक, मागे एक, किंचित तिरक्या. खाली पोचल्यावर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली, उरलेलं गनाश भेगेत भरलं, आणि त्यावर काजूची एक पट्टी आडवी बसवली. पट्टी बॉयलरच्या पट्ट्यासारखी दिसली. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पाटी समोरून कुणी धरायची आणि मागून कुणी, हे मी आधीच ठरवायला हवं होतं.

खोलीत कूलर चालू होता. मी तो बंद करायला सांगितलं, तेव्हा दोन-तीन जणांनी तोंड वाकडं केलं. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून, आणि ओली हवा साखरेची वैरी. पंखा मंद ठेवला, मेणबत्त्यांसाठी.

पाच वाहनं रुळांवर ओळीनं लागली, पुढे बैल, जू, दोर. मग मी पिशवी उघडून धूर धुराड्यावर बसवला.

भाचा काहीच बोलला नाही. टेबलाभोवती एक फेरी मारली, इंजिनाच्या बाजूची चाकं बोटानं मोजली, आणि बैलांजवळ जाऊन उभा राहिला. समोरच्या बेनचा मुलगा म्हणाला, "फोई, आ बळद केम छे?", म्हणजे हे बैल का, आणि भाच्यानं त्याला गुजरातीत डभोईची पूर्ण गोष्ट सांगितली, १८६२ सकट. बाबा ऐकत होते.

तेवढ्यात धूर आकसायला लागला. कूलर बंद करूनही खोलीत ओल होतीच, माणसंही बरीच. साखरेचे ते तंतू हवेतलं पाणी घेत घेत खाली बसत गेले आणि सहा-सात मिनिटांत कोनाच्या तोंडाशी चिकट पांढरा ठिपका उरला. माझा जीव खालीवर होत होता. मुलांना मात्र तोच सगळ्यात मोठा चमत्कार वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. धूर असाच जातो ना, असं एक छोटी म्हणाली.

गनाश पाऊण तास टिकलं. कडा किंचित मऊ झाल्या, ओघळलं काही नाही.

हिशेब आणि उरलेलं

साहित्याला सगळं मिळून साधारण सोळाशे रुपये लागले, सगळ्यात जास्त काजू आणि चॉकलेटचे. तालमीचा खर्च वेगळा. वेळ तीन दिवसांत मिळून अकरा तास, त्यात आईचे दोन धरलेले नाहीत आणि ते धरायला हवेत. स्पंज दोन किलोच्या आसपास भरला, पंचवीस जणांना पुरून इंजिन उरलं.

पुन्हा करताना चार डब्यांऐवजी तीन करेन. चौथा डबा लिंपताना हात थकले होते आणि तो तसाच दिसत होता. बॉयलरला दोन स्ट्रॉ. चाकं आणखी मोठी, कारण चित्रात ती डब्याएवढी होती आणि माझी त्याच्या निम्मी झाली. भाच्यानं तक्रार केली नाही, पण मोजून झाल्यावर एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. खिडक्या-दारं नव्हती हे कुणीही, मोठ्यांपैकीही, विचारलं नाही.

डबे त्यानं आनंदानं कापू दिले. इंजिन मात्र रात्री फ्रिजमध्ये ठेवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पहिली फोड कापली. बैल कापू दिले नाहीत. एक त्यानं आजीला दिला, "तू केलास ना" म्हणून. आईनं तो देवघरात ठेवला, मग मुंग्या लागल्या तशी डब्यात घालून फ्रिजमध्ये. दुसरा चार दिवस फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी उभा होता. पाचव्या दिवशी त्याचं एक शिंग नाहीसं झालं होतं.